भरून आणलेले डोळे

“कोरडे का?” मी एवढंच विचारलं होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या लांब बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. साठीच्या आसपासचे. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला, हातात टिश्यूची घडी, आणि थोड्या थोड्या वेळानं आधी उजवा, मग डावा डोळा टिपणं चाललेलं. टिपायची तऱ्हा माझ्या अगदी ओळखीची. चोळायचं नाही, पुसायचंही नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात कागदाचं टोक नुसतं टेकवायचं आणि पाणी वर चढेपर्यंत थांबायचं. चोळलं की पुढचा तासभर डोळा सूड घेतो हे ज्याला ठाऊक आहे तोच असं टिपतो. त्या बाकावर आमच्यासारखे बरेच असतात. पंख्याखालची जागा टाळून बसणारे, घरातही गॉगल न काढणारे, खिशातून इवलीशी कुपी काढून मान मागं टाकणारे. नावगाव कुणी विचारत नाही. “कोणते ड्रॉप्स?” एवढं विचारलं की गप्पा सुरू. त्याच सवयीनं मी त्यांना विचारलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल, डबडबलेले. म्हणाले, “नाही.” आणि चष्मा चढवून समोरच्या भिंतीवरच्या, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले.

याला महिना उलटून गेला. पुढे काय झालं ते सांगते, पण त्या ‘नाही’पाशी मी अजून अडकलेली आहे. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी दिसतं आणि माझ्या मनात सगळ्यात आधी येतं ते त्याच्या अश्रुग्रंथी नीट चालतायत की नाहीत हे. दुःखबिःख नंतर. हे असं कधीपासून झालं?

बरोबर उलटं घडलं होतं तो प्रसंग मला लख्ख आठवतो. दहा-अकरा वर्षं झाली असतील. रेल्वेत खिडकीशी बसले होते, वारा थेट तोंडावर, आणि दोन्ही डोळ्यांतून धारा लागलेल्या. तेव्हा आपल्याला काही झालंय हे मलाच ठाऊक नव्हतं. वाऱ्यानं पाणी येतंच, असं धरून चालले होते. समोरच्या बाकावरच्या एक आजी बराच वेळ बघत होत्या. मग उठून शेजारी येऊन बसल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “रडून घे बाळा. कोंडून ठेवू नये.” खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचा हात खरखरीत आणि उबदार होता, तो सोडवून घ्यावासा वाटेना. पुढच्या तासाभरात त्यांनी मला त्यांचा गेलेला मुलगा सांगितला, अगदी त्याच्या पहिल्या चपलांपासून. माझे डोळे वाहतच होते आणि आजींच्या लेखी ते आता त्यांच्या मुलासाठी वाहत होते. उतरताना त्यांनी आपला रुमाल मला देऊन टाकला. तो अजून माझ्या कपाटात आहे. वाऱ्यानं आलेल्या पाण्यावर मी एका आईकडून एवढं सगळं घेऊन बसले, ही टोचणी जात नाही. आणि तेव्हा खरं बोलले असते तर त्या बोलल्या असत्या का, हेही मनातून जात नाही.

कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहतं असं डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला ती चेष्टा वाटली. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. डोळ्यावर ओलाव्याचा जो पडदा असतो तो जेमतेम काही मायक्रॉनचा, केसाच्या विसाव्या हिश्श्याइतका पातळ. त्यात तळाला एक बुळबुळीत थर, पाण्याला डोळ्यावर धरून ठेवणारा. मधे पाणी. आणि वर तेलाचा तवंग, पाणी उडून जाऊ नये म्हणून. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींमधून येतं, आणि दर उघडझापीला पापणी ते डोळ्यावर सारवून घेते. ‘डोळ्यांत तेल घालून’ असं आपण म्हणतो ते ज्यानं कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याला हे माहीत असण्याची शक्यता नाही, पण मला त्या दिवसापासून तो वाक्प्रचार वाचला की हसू येतं. तर हा पडदा मधेच फाटला की खालचं बुबुळ उघडं पडतं. बुबुळाच्या त्या पारदर्शक भागात मज्जातंतूंची टोकं इतकी दाट असतात की शरीरात दुसरीकडे कुठे तशी नसतील. ती बोंब मारतात, अश्रुग्रंथी घाबरून जे असेल ते ओतून मोकळी होते. त्या लोंढ्यानं काही साधत नाही. रोपाला ठिबक हवं असताना कुणी टँकर उलटा करावा, तसं. पाणी गालावर, रोप कोरडंच.

माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर अक्षरं बघायची, आणि त्यातही ठिपके. मद आणि मंद यांच्यात एका ठिपक्याचंच अंतर असतं, आणि तो सुटला तर दोष लेखकाला जात नाही, मला येतो. कोरडेपणाचा पहिला फटका त्या ठिपक्यांना बसला. पान समोर धरलं की पहिले दोन-तीन सेकंद स्वच्छ दिसायचं आणि मग अक्षरांवर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं व्हायचं. पापणी मिटून उघडली की पुन्हा स्वच्छ, पुन्हा दोन-तीन सेकंद. अनुस्वार कधी दोन दिसत, कधी शिरोरेषेत विरघळून जात. मी वाक्यं हप्त्याहप्त्यानं वाचायला लागले. मिनिटाला पंधराएक वेळा माणूस पापण्या मिटतो म्हणतात, पडद्याकडे टक लावून बसला की त्याहून पुष्कळ कमी. मी मात्र दर शब्दाला मिटत होते आणि दर मिटण्यासरशी पापणीच्या आत पॉलिश-पेपर फिरल्यासारखं वाटत होतं. सकाळचं तर विचारू नका. झोपेत पापणी बुबुळाला चिकटलेली असायची. जाग आल्यावर डोळे मिटलेलेच ठेवून उशाजवळची कुपी चाचपायची, फटीतून थेंब सोडायचे, आणि मग बंद पाकिटाचा गोंद सुटावा तसे हळूहळू उघडायचे. घाई केली की पापणीबरोबर बुबुळावरची नाजूक साल निघून यायची. तो दिवस मग गेलाच.

पहिले वर्षभर मला “कॉम्प्युटर कमी करा” एवढंच सांगण्यात आलं. सांगणारे चांगले शिकलेले होते. मी त्यांना म्हटलं, माझं काम कागदावरच असतं बहुतेक. तर म्हणाले, मग कागद कमी करा.

निदान झालं ते एका चिटोऱ्यानं. गाळणकागदाची, बोटाच्या पेराहून थोडी लांब अशी पट्टी, तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगतात. पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मोजायचं, बस. ऑटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९०३ मध्ये ही चाचणी मांडली आणि ती आजही जवळपास तशीच होते. दहापेक्षा जास्त भिजली तर ठीक, पाचच्या खाली म्हणजे गंभीर. माझी उजवी २, डावी ३. त्या पट्ट्या मी हातात घेऊन बघितल्या. शाईच्या पेनाचं टोक टिपलं असतं तरी याहून जास्त भिजल्या असत्या. मग त्यांनी डोळ्यांत पिवळा रंग घालून निळ्या उजेडात फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून दाखवला. जिथं जिथं बुबुळाची साल दुखावली होती तिथं तिथं रंग धरला होता. काळ्यावर हिरवे ठिपके, शेकडो, खालच्या अर्ध्या भागात तर गर्दीच. मी बराच वेळ बघत राहिले. जन्मभर ज्यांच्या मागे धावले ते सगळे ठिपके इथं येऊन बसले होते, आणि एकही योग्य जागी नव्हता.

पुढे रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि दुखण्याला नाव मिळालं, शोग्रेन सिंड्रोम. शरीराचीच संरक्षणयंत्रणा अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर उलटते. तोंड का कोरडं पडतं, रात्री चार वेळा पाण्यासाठी का उठावं लागतं, तेही मग उलगडलं. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनमधले नेत्रतज्ज्ञ. १९३३ मध्ये त्यांनी अशा १९ रुग्णांवर प्रबंध लिहिला, १९च्या १९ बायका. त्या प्रबंधाला इतके साधारण गुण मिळाले की विद्यापीठात शिकवायची पात्रताही त्यांना त्यावर मिळाली नाही. हे वाचून मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. सुकलेल्या डोळ्यांच्या १९ बायकांचं म्हणणं कुणीतरी नीट ऐकून, लिहून काढलं, आणि परीक्षकांना त्यात काही विशेष दिसलं नाही. असो.

नाव कळलं तरी डोळे त्याच गतीनं सुकत होते. ड्रॉप्स झाले, तासाला एक. बाटलीतली औषधं टिकावीत म्हणून जे घातलेलं असतं तेच वारंवार पडलं की बुबुळाला बाधतं, म्हणून मग एकेकदा वापरायच्या कुप्या. दाह कमी करणारे ड्रॉप्स झाले, ते घातल्यावर पाच मिनिटं भिंतीला धरून उभं राहावं लागे. पाणी नाकात वाहून जातं त्या छिद्रांना बुचं बसवून झाली. साबुदाण्याच्या दाण्याहून लहान असतात. त्यातलं डावं एका शिंकेबरोबर कुठे गेलं ते सापडलं नाही. कुपीवर ‘कृत्रिम अश्रू’ असं छापलेलं असतं. दर वेळी माझा हात लाल पेनाकडे जातो. कृत्रिम पाणी म्हणा, वंगण म्हणा. अश्रू हा शब्द तेवढा स्वस्त करू नका.

कारण खरे अश्रू थांबले होते. रेल्वेतल्या त्या धारा म्हणजे ग्रंथीची शेवटशेवटची धडपड होती, हे मला नंतर कळलं. एकदा घरच्याच काही गोष्टीवरून धाकट्या बहिणीशी कडाक्याचं भांडण झालं. ती रडत होती, नाक ओढत होती. मी समोर उभी. माझा गळा दाटलेला, हनुवटी थरथरतेय, डोळ्यांत निखारे, आणि पाणी नाही. ती ओरडली, “ताई, तुला काहीच कसं वाटत नाही गं? डोळ्यांत टिपूस नाही तुझ्या!” वाक्य म्हणून ते किती अचूक होतं. मिलिमीटरमध्ये सांगता आलं असतं. पण त्या क्षणी मला पट्ट्यांची आठवण झाली नाही; मला वाटलं, खरंच का मला काही वाटत नाहीये? रडताना पाणी यावं लागतं ते समोरच्याला दिसण्यासाठी असं आपण समजतो. ते आपल्यालाही लागतं. न वाहिलेलं रडू संपत नाही. ते नुसतं मधेच थांबतं, आणि मग दोन दिवस डोकं दुखतं.

लेन्सची गोष्ट निघाली तेव्हा मी साफ नाही म्हटलं.

कॉलेजात असताना वर्षभर मऊ लेन्स वापरल्या होत्या. संध्याकाळ झाली की त्या डोळ्यांत पापडासारख्या कडक झाल्याचा भास व्हायचा. काढताना जीव जायचा. मऊ लेन्स म्हणजे एक प्रकारचा स्पंजच, स्वतः ओली राहायला ती डोळ्याचंच पाणी ओढते. ऑट्टो विख्टर्ले या चेक रसायनतज्ज्ञानं १९६१च्या नाताळात आपल्या मुलांच्या जोडाजोडीच्या खेळण्यातून यंत्र बनवून, सायकलच्या डायनॅमोवर फिरवून त्या पहिल्यांदा घरी ओतल्या. अफाट डोकं आणि अफाट जिद्द, पण माझ्या डोळ्यांच्या कामाच्या नाहीत. शिवाय पूर्वीच्या एका डॉक्टरांनी बजावलं होतं की कोरड्या डोळ्यांनी लेन्सचं नावही काढायचं नाही. आणि आता या नव्या डॉक्टरबाई म्हणत होत्या की लेन्स हाच उपाय आहे. तहानलेल्याच्या गळ्यात मफलर गुंडाळण्यासारखं वाटलं मला ते.

“ही डोळ्याला चिकटत नाही,” त्यांच्याकडची ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून लेन्स बसवून देणारी मुलगी, म्हणाली. वयानं माझ्या भाचीएवढी. तिनं डबीतून एक पारदर्शक कडक वाटी काढून तळव्यावर ठेवली. साडेसोळा मिलिमीटर व्यासाची, शर्टाच्या बटणाहून मोठी. ही डोळ्यांत जाणार? तिनं सांगितलं ते असं. बुबुळाचा पारदर्शक भाग साधारण बारा मिलिमीटरचा. ही त्याच्यावर कमान टाकून जाते आणि कडेनं पांढऱ्या भागावर टेकते. पांढऱ्या भागाला फारशी जाणीव नसते. मधे पोकळी उरते, २०० ते ३०० मायक्रॉनची. घालण्याआधी वाटी सलाईननं काठोकाठ भरायची, म्हणजे ते पाणी दिवसभर बुबुळ आणि लेन्सच्या मधे राहतं. पापणी लेन्सवरून फिरते, बुबुळावरून नाही. वारा लेन्सला लागतो. आत डोळा आपला बुडालेला. नाव काँटॅक्ट लेन्स, आणि दुखऱ्या जागेला तिचा काँटॅक्टच नाही. स्क्लेरल लेन्स म्हणतात हिला.

घरी येऊन मी वाचत बसले, आणि एक गोष्ट सापडली जी मी त्यानंतर बऱ्याच जणांना सांगितली आहे. काँटॅक्ट लेन्सचा इतिहास चष्म्याला कंटाळलेल्या माणसांपासून सुरू होतो असं मी समजत होते. १८८७ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेनला काचेचे कृत्रिम डोळे बनवणाऱ्या म्यूलर घराण्याकडे एक रुग्ण आला. कर्करोगामुळे त्याच्या पापणीचा भाग काढून टाकलेला, त्यामुळे चांगला असलेला डोळा उघडा पडून वाळत चाललेला. त्यांनी त्याला काचेचं एक पातळ कवच फुंकून दिलं, बाहुलीपुढे पारदर्शक. तो माणूस ते जवळजवळ वीस वर्षं वापरत होता आणि त्याचं बुबुळ शाबूत राहिलं. म्हणजे नंबरासाठी नव्हे, डोळा वाळू नये म्हणून कुणीतरी पहिल्यांदा डोळ्यावर काच ठेवली होती. पुढच्याच वर्षी झुरिकमध्ये अॅडॉल्फ फिक यांनी नजर सुधारणारी काचेची लेन्स करून आधी सशांना, मग स्वतःला घालून पाहिली आणि खाली द्राक्षशर्करेचं पाणी भरलं. १८८९ मध्ये कीलच्या आउगुस्ट म्यूलर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं आपल्याच लेन्सवर प्रबंध लिहिला. त्याला त्या अर्ध्या तासावर सोसवत नसत. काचेखाली डोळा गुदमरतो. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू थेट हवेतून लागतो, ही अडचण सोडवायला जवळपास शतक गेलं. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉन इझीकील यांनी हवा आरपार जाऊ देणाऱ्या पदार्थाच्या स्क्लेरल लेन्स मांडल्या, आणि अडगळीत गेलेली ती मोठी वाटी पुन्हा बाहेर आली. त्या अनाम रुग्णाचा मी फार विचार करते. रोज रात्री तो ती काच कुठे ठेवत असेल?

पहिल्या दिवशी ती मुलीनं घातली म्हणून गेली. डोकं खाली, नाक जमिनीकडे, चेहरा टेबलाला समांतर. तिनं वाटीत सलाईन भरलं, पिवळ्या रंगाचा ठिपका घातला, माझ्या दोन्ही पापण्या फाकवून धरल्या आणि म्हणाली, “पाण्यात डोळा घालायचाय असं समजा.” गार लागलं. टपकन् थोडं पाणी टेबलावर पडलं. मग एक विचित्र, जड, भरलेपणाची जाणीव. मी मान वर केली आणि वाट बघायला लागले. दुखण्याची. पापणी मिटली, उघडली. पुन्हा मिटली. काही नाही. खरखर नाही, ओढ नाही. छतावरचा पंखा माझ्यावर थेट वारा टाकत होता आणि मला तो गालांवर लागत होता, केसांना लागत होता, डोळ्यांना लागत नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदा माझी पापणी आवाज न करता मिटली. मी मूर्खासारखी उघडझाप करत बसले. ती मुलगी उजेडाच्या फटीतून आतल्या पाण्याची जाडी मोजत होती, काठाखाली रक्तवाहिन्या दाबल्या जात नाहीत ना ते बघत होती, म्हणाली, “जरा स्थिर राहता का?”

घरी आल्यावर खरी परीक्षा. पहिल्या दिवशी उजव्या डोळ्याला चाळीस मिनिटं लागली. तीन बोटांच्या तिवईवर भरलेली वाटी धरायची. हात कापला की पाणी सांडतं, आणि पाणी कमी झालं की आत बुडबुडा राहतो. बुडबुडा राहिला की काढा, पुन्हा भरा. पापणी आपोआप मिटते, तिच्याशी वाद घालता येत नाही. लेन्स एकदा बेसिनमध्ये गेली, एकदा फ्रॉकच्या खिशात, एकदा कुठे गेली तेच कळेना. मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते आणि ती माझ्या गालालाच चिकटली होती. शेवटी बहिणीला बोलावलं. तीच, टिपूसवाली. ती रोज सकाळी आठवडाभर यायची, मागं उभी राहून माझी वरची पापणी भुवईपर्यंत ओढून धरायची आणि म्हणायची, “ताई, वर नको बघूस. खाली. त्या वाटीच्या तळाला बघ.” पाचव्या दिवशी लेन्स पहिल्याच झटक्यात बसली. सलाईन माझ्या गालांवरून, हनुवटीवरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मी मान वर केली तर बहीण माझ्याकडे बघत होती. तिनं मला असं ओल्या चेहऱ्यानं पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. काही बोलली नाही. टॉवेल पुढे केला.

आता चार वर्षं झाली. सवय झाली असं म्हणतात लोक, पण सवय हा शब्द तितकासा बरोबर नाही. कामाला लागले, एवढंच. नळाचं पाणी लेन्सच्या आसपास येऊ द्यायचं नाही, त्यातल्या एका अमीबाची बाधा डोळा घेऊन जाऊ शकते. घालून झोपायचं नाही. काढताना रबरी प्लंजर काठाला लावायचा. एकदा घाईत मधोमध लावला आणि लेन्सबरोबर डोळाच बाहेर येतोय असं वाटून मी ओरडले होते. एकदा सलाईनऐवजी पेरॉक्साइडच्या, म्हणजे लेन्स निर्जंतुक करायच्या जहाल द्रवाच्या, बाटलीनं धुतलेली लेन्स घातली. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. त्या बाटलीचं टोपण लाल का असतं ते मला आता कुणी शिकवायला नको. आणि दुपारचं धुकं. चार-पाच तास झाले की आतल्या पाण्यात काहीबाही साठतं, आणि जग दुधाच्या पेल्यातून बघितल्यासारखं होतं. मग काम थांबवून, हात धुऊन, कोरडे करून, लेन्स काढायच्या, खळबळायच्या, नव्यानं भरायच्या. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृहात आरशाखाली वाकून उभी असले की मागून येणारी नवी माणसं दचकतात. ओघळणारा चेहरा बघून एकीनं मला विचारलंही, “मॅडम, काही झालंय का?” मी म्हटलं, पाणी बदलतेय.

ठिपके परत आले आहेत. अनुस्वार जिथल्या तिथं, टोकदार. हे एवढंच मिळालं असतं तरी मी खूश असते. पण रात्री साडेनऊच्या सुमाराला लेन्स काढल्या की दहा मिनिटांत जुने डोळे हजर होतात, काही घडलंच नाही अशा थाटात. त्यांचं काही बरं झालेलं नाही. ग्रंथी सुकल्या त्या सुकल्याच. हिरवे ठिपके खूप कमी झाले, हे खरं; पण दिवसभर जे पाणी माझ्या डोळ्यांत असतं ते माझं नाही, कुपीतून आलेलं आहे. कधीतरी गळा दाटून येतो, आणि मी नकळत वाट बघते. डोळा आधीच भरलेला असतो. वर काही चढत नाही, खाली काही ओघळत नाही. जळत मात्र नाही आता. पाण्याखाली बसून रडावं तसं काहीतरी होतं, त्याला शब्द नाही माझ्याकडे. बहिणीला एकदा विचारलं, “मी रडतेय ते कळतं का गं तुला?” ती म्हणाली, “तुझ्या नाकपुड्यांवरून कळतं. लहानपणीपासून.”

तर ते बाकावरचे गृहस्थ. त्यांच्या ‘नाही’नंतर मला आत कुठेतरी लपावंसं वाटत होतं. माझा नंबर यायला वेळ होता. त्यांनी चष्म्याखालून बोट घालून पुन्हा एकदा डोळा टिपला, तेव्हा मला दिसलं की टिश्यूचा पार लगदा झालाय. चोळत नव्हते ते रोगामुळे नाही; चारचौघांत दिसू नये म्हणून. एवढी साधी गोष्ट. मी पिशवीतून टिश्यूचं पाकीट काढून आमच्या दोघांच्या मधे बाकावर ठेवलं. काही म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी त्यातला एक घेतला.

“आत मुलगी आहे,” ते समोर बघतच म्हणाले.

मी मान हलवली. रेल्वेतल्या आजींसारखा त्यांचा हात हातात घ्यावा असं मनात आलं, आणि धाडस झालं नाही.

मग त्यांनीच विचारलं, “तुमचे कोरडे आहेत?”

“हो.”

त्यांनी चष्मा वर करून नीट निरखून पाहिलं. “वाटत नाही. चांगले भरून आल्यासारखे दिसतायत.”

“भरून आणलेत,” मी म्हटलं, “सकाळी.”

ते क्षणभर तसेच बघत राहिले. मग आतून परिचारिकेनं नाव पुकारलं, तसे घाईघाईनं उठले, आणि जाताना पाकिटातला आणखी एक टिश्यू काढून घेतला.